मिग-२१चे कॉकपिट: रंगाची बाटली उघडण्याआधी

मागच्या खेपेला मिग-२१ या लढाऊ विमानाच्या बिस रूपाचे १/४८ प्रमाणातले प्लॅस्टिक मॉडेल जोडताना मी एकट्या कॉकपिटवर तीन आठवडे घालवले, आणि धड मिटवायच्या दिवशी त्याचे दोन अर्धे एकमेकांना टेकेनात. फट दोन मिलिमीटरची होती. खऱ्या विमानात तीच जवळपास दहा सेंटिमीटरची भरली असती. रंगवून, वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) देऊन पूर्ण केलेला टब, म्हणजे कॉकपिटचा रेझिनमध्ये ओतलेला तळ-भिंतींचा भाग, मला पुन्हा करवतीखाली घालावा लागला. पुढची तयारी त्या अनुभवातून लिहिली असल्यामुळे तिच्यात ड्राय फिटचा, म्हणजे गोंद न लावता भाग बसवून पाहण्याचा, उल्लेख कंटाळा येईल इतक्या वेळा होईल.

खोका विकत घेण्याआधी कोणते मिग-२१ करायचे ते ठरवावे. भारतीय हवाई दलात हे विमान १९६३ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत होते आणि या काळात त्याचे कॉकपिट एकसारखे राहिले नाही. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने एफएल, एम आणि बिस ही तीन रूपे बांधली. त्यांपैकी एफएलचे छत समोरच्या काचेसकट एकसंध असून त्याची बिजागरी पुढे असते, तर एम आणि बिस यांची समोरची काच जागेवरच राहते आणि मागचे छत उजवीकडे उघडते. आसनही बदलते: एफएलला एसके, नंतरच्यांना केएम-१. एफएलमध्ये केएम-१ बसवलेले मॉडेल मी प्रदर्शनात पाहिलेले आहे, आणि एकदा ते खटकले की दुसरे काही दिसत नाही. बायसन, म्हणजे बिसचे सुधारलेले रूप, करणार असाल तर बिसचा उपकरणांचा पॅनेल चालणार नाही, कारण तिथे इलेक्ट्रॉनिक पडदा आला आहे.

चाकू, चिमटा, मास्किंग टेप यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. बारीक दातांची करवत मात्र हवीच. प्लॅस्टिक जोडणारे सिमेंट रेझिनला धरत नाही, म्हणून सुपरग्लू हवा. रेझिनचे भाग भांड्यांच्या साबणाने धुवून वाळवावेत, नाहीतर साच्यातला तेलकटपणा राहून रंग पापुद्र्यासारखा सुटतो. रेझिन घासताना वॉटर पेपर ओला ठेवावा आणि तोंडाला मास्क लावावा. ती धूळ फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नाही, याबाबत हयगय करू नये.

आता ड्राय फिट, म्हणजे गोंद न लावता सगळे जागेवर बसवून पाहणे. नुसता टब धडाच्या एका अर्ध्यात ठेवून पाहणे म्हणजे ड्राय फिट नव्हे; मी तेवढेच केले होते. मिग-२१मध्ये पुढच्या चाकाचा कप्पा कॉकपिटच्या खाली येतो, त्यामुळे टबाच्या तळाला उरलेला ओतकामाचा ठोकळा थोडा जरी जाड राहिला तरी तो त्या कप्प्यावर चढून बसतो आणि धड वरून उघडे राहते. कापताना हात जड जाईल या भीतीने मी तो ठोकळा निम्माच काढला होता. तो पूर्ण काढावा. धडाच्या भिंती आतून घासून पातळ कराव्यात आणि अधूनमधून दिव्यासमोर धराव्यात. प्लॅस्टिकमधून उजेड झिरपू लागला की थांबावे. त्यानंतर चाकाचा कप्पा, टब, पॅनेल, पॅनेलवरचा पडवीसारखा भाग, आसन, समोरची काच आणि छत हे सारे एकदम बसवून धड टेपने आवळावे. छत मिटलेले दाखवायचे असेल तर आसनाचा माथा काचेला लागतो का ते याच वेळी कळते. लागत असेल तर पुन्हा कापावे आणि पुन्हा ड्राय फिट करावे. धड बोटाच्या दाबाशिवाय मिटेपर्यंत रंगाच्या बाटलीला हात लावू नये.

पितळी पत्र्याचे कोरीव भाग गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर कापावेत आणि सुटणारा भाग टेपने धरून ठेवावा. उडालेला तरफेचा दांडा जमिनीवर सापडत नाही. आतला रंग फिरोजीकडे झुकणारा निळसर हिरवा असतो. पॅनेलच्या मधोमध उतरणारी पांढरी उभी रेघ विसरू नये: विमान गिरकीत सापडले तर नियंत्रणाचा दांडा मध्यावर आणण्यासाठी वैमानिकाला ती खूण असते. पट्टे आणि बकले रंगवायला मला स्वतःला सर्वांत जास्त आवडते, पण त्यावर इथे लिहीत बसत नाही.

धडाला गोंद लावण्याआधी, रंगवलेला टब घालून, आणखी एकदा ड्राय फिट. रंगाचे थरही जाडी वाढवतात. मॉडेल शेपटीवर बसू नये म्हणून सूचनापत्रात नाकात वजन घालायला सांगितले असेल तर ते आत्ताच घालावे.

काच सुपरग्लूने चिकटवू नये, वाफेने ती पांढुरकी होते. फेव्हिकॉल पुरेसा आहे. बाहेरचा रंग, डेकल (चिकटवायची चिन्हे), वॉर्निश हा क्रम सर्वांना ठाऊक आहे. फक्त पावसाळ्यातल्या दमट दिवशी लॅकर मारू नये. नाकावरची वेग मोजणारी लांब पिटो नळी सर्वांत शेवटी लावावी, नाहीतर ती शर्टाच्या बाहीत अडकून मोडते.