राजस म्हणजे शाही नव्हे! हा शब्द वापरताना या चुका टाळा

भाच्याच्या लग्नाची पत्रिका छापायला जायची होती, तिच्यात खाली लिहिलेलं 'राजस भोजनाचा आस्वाद घ्यावा'. आत्याने वाचलं आणि तिथंच थांबवलं, म्हणाली हे आधी बदला. ती रोज गीता वाचते, आणि १७व्या अध्यायात राजस माणसाला आवडणारा आहार म्हणजे कडू, आंबट, खारट, फार गरम, तिखट, जळजळणारा, आणि त्याने दुःख, शोक, रोग होतात असं सरळ सांगितलंय. हा राजस रजोगुणातून आलाय, राजाच्या थाटाशी त्याचं काही नातं नाही. मग पत्रिकेत साधं 'शाही भोजन' छापलं.

आपण बोलताना वापरतो तो राजस वेगळा, राजाच्या पोरासारखा देखणा, लोभस, आणि त्यात एक कोवळेपणा असतोच. तुकोबांनी विठ्ठलाला 'राजस सुकुमार' म्हटलंय ना, त्या सुकुमारमध्येच सगळा अर्थ कळतो. म्हणून बाळाचं रूप राजस, मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाचा चेहरा राजस, पण 'राजस दरारा' किंवा 'राजस किल्ला' असलं काही पोस्टमध्ये वाचलं की खरंच वाईट वाटतं, इतका नाजूक शब्द असा कुठेही चिकटवायचा नसतो. थाट असेल तर राजेशाही म्हणा, उंचापुरा भरदार तरुण असेल तर राजबिंडा म्हणा, हे शब्द आपल्याकडे आहेतच की.

'राजसी थाट' हा तर हिंदीतून आलाय, मराठीत राजसी वृत्ती म्हटलं की रजोगुणीच समजतात. आणि राजस बदलत नाही, राजस मुलगा, राजस मुलगी, राजस रूप. 'राजसा' होतं ते हाक मारताना, लावणीत नायिका म्हणते तसं. राजस्वचा इथे काही संबंध नाही, तो महसूल.

अडलात तर राजसच्या जागी 'लोभस' घालून वाक्य मोठ्याने वाचा, बसलं तर राजस राहू द्या, नाही बसलं तर काढा.

मुलाचं नाव राजस ठेवायचंय पण कोणी रजोगुणाची भीती घालतंय? बिनधास्त ठेवा. राजाराम महाराजांच्या राणीचं नाव राजसबाई होतं, १७१४ साली ताराबाईंना बाजूला करून आपल्या मुलाला, दुसऱ्या संभाजीला कोल्हापूरच्या गादीवर बसवलं त्या याच.