देवस्थानाच्या नावानं येणारे मेल आणि क्यूआर: या चुका टाळा

आमचं देऊळ गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं, पण कुळावी, म्हणजे या देवाला कुलदैवत मानणारी घरं, मुंबई, बेळगाव, कारवार, मंगळूर, अगदी दुबईपर्यंत पसरलेत. पूर्वी जत्रेला आले की देणगी द्यायचे, पावती घ्यायचे. आता अभिषेक काय, जीर्णोद्धार काय, सगळं मोबाइलवरून. सोय झाली हे खरंच, पण देणारा तिकडे, देव इकडे आणि मधे चोराला रान मोकळं.

गेल्या जत्रेच्या तोंडावर मुंबईच्या एका काकींचा फोन आला, "बाबू, पालखीचे पाच हजार पाठवले हां, पावती नाही आली रे अजून." आमच्याकडे पैसे आलेच नव्हते. त्यांना आलेला मेल मागवून घेतला, तर वर आमच्या सचिवांचं नाव, देवळाचा फोटो, "खातं बदललंय, यापुढे याच क्यूआरवर पाठवा" आणि जत्रेची तारीखसुद्धा बरोबर. नावावर टॅप केल्यावर खरा मेल आयडी दिसला, स्पेलिंगमधलं एक अक्षर गायब. मी विचारलं, "काकी, पैसे पाठवताना नाव वेगळं दिसलं असेल ना?" "दिसलं रे, मला वाटलं नवीन खजिनदार असेल. देवाच्या कामात शंका कशी काढायची?"

चूक इथेच होते, आणि ती काकींपेक्षा आमची जास्त. घाईगडबडीत कितीदा तरी आम्हीच खजिनदाराचा पर्सनल नंबर देऊन "यावर टाका" म्हटलंय, मग माणसाचं नाव बघून कुणाला खटकणार? म्हणून पहिलं हे बंद करा, देणगी फक्त देवस्थानाच्या नावाच्या खात्यात. आणि कुळाव्यांनो, खातं बदलल्याचा मेल आला तर जुन्या पावतीवरच्या नंबरला फोन करा, मेलमध्ये दिलेल्या नाही, तो चोरच उचलतो. विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही, उलट आम्हाला बरं वाटतं.

दुसरी गोष्ट, समितीचा मेल. एकच अकाउंट, पासवर्ड म्हणजे देवाचं नाव आणि पुढे 123, आणि तो मागच्या दोन समित्यांनाही पाठ. नवीन समिती आली की त्याच दिवशी पासवर्ड बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर दुसरी खात्री मागणारी सोय) लावा, जुने फोन लॉगआउट करा. मेल हॅक झाल्याचा संशय असेल तर नुसता पासवर्ड बदलून थांबू नका, सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून बघा, कारण चोर तिथे स्वतःचा पत्ता घालून ठेवतो आणि पासवर्ड बदलला तरी तुमचे मेल त्याला जातच राहतात. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

फंडपेटीवरचा क्यूआर रोज सकाळी देऊळ उघडल्यावर एकदा स्कॅन करून नाव बघा, वरून दुसरा स्टिकर चिकटवायला दोन सेकंद पुरतात. "जास्त पैसे गेले, परत घ्यायला पिन टाका" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा, यूपीआय पिन पैसे द्यायलाच लागतो, घ्यायला कधीच नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'जत्रेची पत्रिका' म्हणून एपीके फाइल (फोनवर अॅप टाकणारी फाइल) आली तर उघडू नका, पत्रिका पीडीएफ किंवा फोटोच असते. कुणी व्हॉट्सअॅपचा सहा आकडी कोड मागितला तर स्वतःच्या भावालाही देऊ नका, त्याचंच अकाउंट आधी गेलेलं असू शकतं.

आणि पैसे गेलेच तर? लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, बँकेला कळवा, सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा नंबर) आणि स्क्रीनशॉट हाताशी ठेवा, तो मेल डिलीट करू नका. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी बँकेला अडवता आले तरच काही हाताला लागतं. लोक काय म्हणतील म्हणून काकी तीन दिवस गप्प बसल्या, आम्हाला फोन केला तोही पावतीचं निमित्त काढून. तोवर पैसे काढून झाले होते.

तरी त्या रात्रीच आम्ही त्या मेलचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला, काकींचं नाव न घेता. दुसऱ्या दिवशी दोन घरांतून फोन आले, त्यांनाही तोच मेल आला होता आणि त्यातल्या एकांनी तर रक्कम टाइप करून ठेवली होती.