खेकडा ओळखताना या चुका टाळा (आणि आधी तो उलटा करा)

धानाची रोवणी लागली की पोट्टे बांधीतले (धानाच्या शेतातले) खेकडे डब्यात घालून आणतात न् लगेच, सर, हा कोणत्या गटातला? अरे बाप्पा, आधी उलटा तर कर! वरून फोटो काढायचा, ॲपने सांगितलं ते वहीत उतरवायचं, झालं प्रोजेक्ट.

पाठ पाहून गट ठरवूच नका. तो चपटा-रुंद आकार वेगवेगळ्या कुळांत आपापला तयार झालाय, इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ बोराडेलने १९१६ मध्येच त्याला कार्सिनायझेशन, म्हणजे खेकड्यासारखं होत जाणं, म्हटलं. किंग क्रॅब दिसतो पक्का खेकडा, पण तो शंखात राहणाऱ्या हर्मिट क्रॅबचा भाऊबंद, गट ॲनोम्युरा. खरे खेकडे ते ब्रॅकियुरा, म्हणजे आखूड शेपटीवाले.

दुसरी चूक पाय मोजून मोकळं होण्याची, आणि ही मी स्वतः केलीय. साधारण नियम असा की खऱ्या खेकड्याला नांग्या सोडून चालायच्या चार जोड्या दिसतात, ॲनोम्युरात शेवटची जोडी बारकी, लपलेली, म्हणून तीनच दिसतात. एकदा धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) बिळातून काढलेल्या खेकड्याच्या तीनच जोड्या मोजल्या न् मी बरणीवर ठसक्यात ॲनोम्युरा लिहून टाकलं, दोन वर्षं ती बरणी तशीच कपाटात मिरवत होती. मग एका पाहुण्या प्राध्यापकांनी खेकडा उलटा केला, सुईने मागची बाजू दाखवली, तिथे दोन्हीकडे पायांची खुंटं! पकडताना त्याने पाय सोडून दिले होते, पुढे कात टाकली असती तर परत आले असते. पोट्ट्यांसमोर तोंड लपवायला जागा नव्हती. तेव्हापासून मी पाय नाही, पायांची मुळं मोजतो, सुईनेच, आणि शंका आली तर मिशा बघतो. डोळ्यांच्या मधून निघाल्या तर ब्रॅकियुरा, बाहेरच्या बाजूने निघाल्या तर ॲनोम्युरा. दोन मिनिटांचं काम आहे पण तेवढा धीर कोणाले?

नांगी मोठी म्हणून नर लिहू नका, पोटाखालची पट्टी बघा, नराची अरुंद, मादीची रुंद. लहान मादीची पण अरुंदच असते, तिथे थांबा.

हॉर्सशू क्रॅब खेकडा नाहीच, तो कोळी-विंचवाकडचा.

आणि गोड्या पाण्यातला म्हणून आपला खेकडा वेगळ्या गटात टाकू नका. बांधीतला गेकार्सिन्युसिडी कुळातला, खरा ब्रॅकियुरा, हर्मिट क्रॅबपेक्षा समुद्रातल्या चिंबोरीच्या कितीतरी जवळचा. फरक एवढाच की चिंबोरीची अळी पाण्यात तरंगत वाढते, आपल्याकडे अंड्यातून थेट बारके खेकडेच निघतात न् आईच्या पट्टीखाली चिकटून राहतात. पट्टी उचलली न् आत वळवळ दिसली तर मोजत बसू नका, मादीला धुऱ्यावर सोडून द्या.