जुन्या शर्यतीच्या गाडीचा कार्ब्युरेटर मूळ रूपात कसा आणावा

कार्ब्युरेटर, म्हणजे आपला कार्ब, इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळतो. स्क्रू ड्रायव्हर लावण्याआधी कार्बवर ठोकलेला प्रत्येक आकडा वहीत उतरवून घ्या आणि चारही बाजूंनी फोटो काढा. 1950-60 च्या दशकांतल्या स्पोर्ट्स गाडीचा कार्ब हा तिच्या इतिहासाचा दाखला असतो. कोणी तो धुऊन-घासून चकचकीत केला की दाखला पुसला जातो, आणि पुसलेलं परत मिळत नाही.

मूळ म्हणजे कुठलं, हे आधी ठरवा

साध्या गाडीत हा प्रश्न येत नाही. शर्यतीच्या गाडीत येतोच. जॅग्वारच्या सी-टाइपने 1951 मध्ये फ्रान्समधली ल माँची शर्यत जिंकली ती एसयू कार्बवर आणि 1953 मध्ये पुन्हा जिंकली ती वेबरवर (एसयू आणि वेबर या कार्बच्या दोन कंपन्या). दोन्ही मूळच. एमजी कारखान्याने तर स्वतःच ट्यूनिंगच्या पुस्तिका छापल्या होत्या. इंजिनाची ताकद टप्प्याटप्प्याने वाढवताना कुठली निडल (जेटमधून किती पेट्रोल जाईल ते ठरवणारी निमुळती सुई) घालायची ते त्यांत दिलेलं असतं. म्हणून आपल्याला गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी आहे की अमुक वर्षी धावली तशी, ते नक्की करून मगच शोधाला लागा. शोधाची साधनं तीन: त्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल, पार्ट्स लिस्ट आणि त्या काळातले फोटो. फोटोत कार्ब किती आहेत, ट्रंपेट (हवा आत घेणारे कर्णे) किती लांब आहेत आणि पेट्रोलची नळी कुठून आत शिरते, एवढं भिंगाने पाहिलं तरी निम्मी उत्तरं मिळतात.

आकडे कसे वाचावे

वेबरवर ‘40 डीसीओई’ असं ठोकलेलं असेल तर 40 हा थ्रॉटलच्या (पेडलने उघडणाऱ्या झडपेच्या) नळीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. त्यापुढचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण तो कार्ब कुठल्या गाडीसाठी बनला ते त्यावरून कळतं. पण हा आकडा वरच्या झाकणावर असतो आणि झाकण बदलता येतं, त्यामुळे एकट्या झाकणावर विसंबू नका. आतले जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी), इमल्शन ट्यूब (पेट्रोलात हवा मिसळणारी भोकांची नळी) आणि व्हेंचुरी (हवेच्या वाटेतला अरुंद गळा) यांवरचे आकडेही त्याच मॉडेलच्या यादीशी जुळले पाहिजेत. जेटवर 115 असेल तर भोक 1.15 मिमी. ते खरंच तेवढं आहे का, हे त्या मापाच्या ड्रिलच्या गुळगुळीत मागच्या टोकाने तपासा, कारण ‘पिकअप वाढवायला’ जेट पोखरण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे.

एसयूमध्ये निडलच्या दांड्यावर अक्षरं असतात. उदाहरणार्थ एमजीच्या एमजीए 1500 या गाडीला दीड इंची दोन एच-4 कार्ब, 0.090 इंची जेट, जीएस निडल आणि पिस्टनवर (कार्बमधल्या, इंजिनाच्या नव्हे) लाल रंगाची, साडेचार औंसाची स्प्रिंग. डॅशपॉट (कार्बवरचं घुमटासारखं चेंबर) आणि त्यातला पिस्टन ही घासून जुळवलेली जोडी असते. दोन कार्ब एकदम उघडले तर दोन वेगळी घमेली घ्या. जोड्या अदलाबदल झाल्या तर पुढे कितीही ट्यूनिंग करा, स्लो (आयडलिंग) काही जमत नाही.

उघडणे आणि धुणे

किनाऱ्यावर खरी झुंज इथे असते. कार्बची बॉडी ॲल्युमिनियमची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची, स्क्रू लोखंडी, जेट पितळी. तीन धातू, त्यात खारा वारा. स्क्रूच्या भोवती पांढरी पूड धरते आणि स्क्रू आतून जाम होतो. पेनिट्रेटिंग तेल घालून रात्रभर ठेवा. सकाळी उकळतं पाणी बॉडीवर ओता, स्क्रूच्या खाचेत गच्च बसेल असाच ड्रायव्हर लावा, डोक्यावर हलकी टिचकी मारा आणि मग फिरवा. वेबरच्या बटरफ्लायचे (थ्रॉटलच्या चकतीचे) स्क्रू मागून ठेचून फुलवलेले असतात. ती फुललेली टोकं कानसने उडवल्याशिवाय स्क्रू सोडवू नका, नाहीतर स्पिंडलचे (चकती ज्यावर फिरते त्या दांड्याचे) आटे जातील.

धुवायला रॉकेल किंवा कार्ब क्लीनर. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो. वाळूचा मारा तर अजिबात नको, कारण वाळू बारीक वाटांमध्ये अडकते, वर कारखान्याच्या ओतकामाचा पोतही जातो. पितळेची भांडी आपण आमसुलांनी लखलखीत करतो, पण ते आंबट पाणी जस्ताच्या झाकणांना लावू नका, खड्डे पडतात. जेटच्या भोकात तार किंवा दाभण घालू नका. मऊ पितळ सहज ओरखडतं आणि माप बिघडतं. माडाचा हीर टोकाला तासून रॉकेलमध्ये भिजवला तर गाळ सुटतो आणि पितळेला चरा पडत नाही. मागून कॉम्प्रेसरची हवा मारा. जेटमधून उजेडाकडे पाहिलं की भोक काठापर्यंत गोल दिसलं पाहिजे.

झीज कुठे असते

एच-4 मध्ये थ्रॉटलचा स्पिंडल थेट ॲल्युमिनियममध्ये फिरतो. भोक अंडाकृती झालं की तिथून फुकटची हवा आत जाते. चालू इंजिनात स्पिंडलच्या टोकाशी क्लीनर फवारा. आवाज बदलला तर गळती नक्की. यावर उपाय म्हणजे भोक रीमरने (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने) सरळ करून ब्राँझचे बुश बसवणे. रत्नागिरीकडून आंबा घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलात तर असं काम करणारे लेथ मिळतात. दोन्ही बुश एका रेषेत यायला हवेत, म्हणून एकाच सेटिंगमध्ये दोन्ही बाजूंना रीमर फिरवायला सांगा.

वेबरमध्ये स्पिंडल बॉल बेअरिंगवर फिरतो. समुद्राकाठी ही बेअरिंग गंजतात. पेडल जडच लागतं आणि थ्रॉटल पुरता मिटत नाही. अशा वेळी स्प्रिंग कडक करण्यात अर्थ नाही, बेअरिंगच बदला.

एसयूच्या पिस्टनची परीक्षा सोपी आहे. पिस्टनची भोकं मातीच्या गोळीने बुजवा, डॅम्पर (डॅशपॉटच्या टोपणाचा दांडा) लावा, सगळं उलटं करा, पिस्टन हातात धरा आणि चेंबर खाली सरकू द्या. दीड इंची कार्बला साधारण 5 ते 7 सेकंद लागावेत. लवकर पडला तर झीज आहे, अडकला तर घाण. पिस्टनला सँडपेपर कधीच लावू नका.

जोडणी आणि पेट्रोल

कॉर्कचे सील तेलात भिजवून घाला. एमजीएच्या फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या डब्याची) पातळी 7/16 इंची दांडा फ्लोटच्या तरफेच्या फाट्याखाली धरून बघतात. सुरुवातीला एसयूचा जेट पूर्ण वर नेऊन दोन फेरे, म्हणजे नटाच्या 12 बाजू खाली आणा. डॅशपॉटमध्ये 20 नंबरचं तेल घाला. 20डब्ल्यू-50 हे घट्ट इंजिन ऑइल घातलं तर पिस्टन सुस्त उठतो. इंजिन तापल्यावर कार्बचा पिस्टन मिलिमीटरभरापेक्षा किंचित कमी उचला. आरपीएम क्षणभर वाढून खाली बसला तर मिश्रण बरोबर. वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन गचका मारून बंद पडलं तर कमी.

वेबरला पेट्रोलचा दाब 3 पीएसआयच्या आसपास ठेवा. नव्या गाडीचा पंप लावला तर फ्लोटची, पेट्रोल अडवणारी सुई उघडी राहते आणि पेट्रोल ट्रंपेटमधून बाहेर वाहतं. गरम इंजिनावर हे धोक्याचं आहे.

पंपावर आता सर्रास 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याला त्याच हवेसाठी सुमारे 8 टक्के जास्त इंधन लागतं. 115 च्या जागी 120 चा जेट घातला तर भोकाचं क्षेत्रफळ 9 टक्क्यांनी वाढतं, म्हणजे जवळजवळ हिशेब जमतो. मूळ जेट मात्र चिठ्ठी लावून डबीत ठेवा. जुन्या रबरी नळ्यांच्या जागी इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या.

पावसाळ्याआधी

मृग लागण्याआधी फ्लोट चेंबर रिकामी करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि चार महिन्यांत तळाशी पांढरा चिकट थर बसतो. गाडीवर ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत दमट कोंडतं. ट्रंपेटवर आणि प्रत्येक व्हेंट होलवर सुती कापड बांधा. कुंभारमाशीला तिथं मातीचं घर करायला दोन दिवस पुरतात. दर पंधरा दिवसांनी कापड सोडून थ्रॉटल हाताने पाच-सहा वेळा उघडा-मिटा, स्पिंडलला तेलाचा थेंब द्या आणि कापड पुन्हा बांधा.