जेम्सटाउनचा भुकेचा हिवाळा मंचावर आणताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात एका एकांकिकेच्या वाचनाला बसलो होतो. पडदा उघडतो तो थेट झोपडीत: एक माणूस बायकोच्या प्रेताला मीठ चोळतोय. लिहिणारा मुलगा मन लावून काम करणारा, वाचून आलेला. पण तिसऱ्या पानाशी ऐकणारे आठही जण माना खाली घालून बसले आणि सहाव्या पानानंतर कुणाला काही वाटेनासंच झालं. वाचन आटोपल्यावर चहा घेताना त्याने विचारलं, "सर, इतकं भयंकर आहे, तरी लागत का नाही?"

तिथल्या तिथे मला नीट उत्तर देता आलं नाही. मग त्याची संहिता घरी नेली, दोनदा वाचली, मूळ हकिकती पुन्हा काढून बसलो. जे हाती लागलं ते इथे मांडतोय, कारण वसाहतींच्या सुरुवातीच्या काळातल्या टोकाच्या कृत्यांवर लिहिणारे बहुतेक जण याच जागांवर अडखळतात. मीही अडखळलोय.

आधी प्रसंग काय ते सांगतो. मे १६०७ मध्ये लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीने पाठवलेले शंभरेक इंग्रज पुरुष आणि मुलगे आजच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, जेम्स नदीच्या काठी उतरले. ओंडके उभे रोवून त्यांनी तिकोनी किल्ला उभारला, तेच जेम्सटाउन. १६०९ च्या उन्हाळ्यात आणखी काही शे माणसं, त्यांत बायका-मुलंही, येऊन दाखल झाली. पण त्या ताफ्यातलं मुख्य जहाज, 'सी व्हेंचर', वादळात सापडून बर्म्युडाच्या खडकांत अडकलं होतं. नवे कारभारी त्यावरच होते. ऑक्टोबरमध्ये, तोवर वसाहतीचा कारभार पाहणारा आणि बंदुकीच्या दारूच्या स्फोटात भाजलेला जॉन स्मिथ इंग्लंडला परतला आणि कारभार जॉर्ज पर्सी या सरदारपुत्राकडे आला. तिथले मूळ रहिवासी असलेल्या पाउहॅटन लोकांनी किल्ल्याची नाकेबंदी केली. आत कोंडलेल्यांनी घोडे खाल्ले, मग कुत्री-मांजरं, उंदीर, मग बुटांचं चामडं. आत किती जण होते याचे आकडे तीनशेपासून पाचशेपर्यंत मिळतात. मे १६१० मध्ये उरले होते साठेक.

एकाच साक्षीवर भिस्त ठेवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा थांबतो.

बायकोला मारून खारवून खाणाऱ्या माणसाची गोष्ट जो तो सांगतो, आणि सांगताना पर्सीची हकिकत जशीच्या तशी उचलतो. पर्सीने लिहिलंय की त्याने गरोदर बायकोला मारलं, पोटातलं मूल काढून नदीत टाकलं, तिचे तुकडे करून मीठ लावून ठेवले. माझ्या तरुण मित्राने हेच घेतलं होतं. पण पर्सी पुढे जे सांगतो ते त्याने सोडून दिलं: तो माणूस कबूल होईना, तेव्हा पर्सीनेच त्याला अंगठ्यांना बांधून, पायांना वजनं लावून पाव तास टांगला. मग कबुली आली, मग देहदंड. म्हणजे आपल्या हाती असलेली कबुली छळातून निघालेली आहे, आणि ती सांगणारा माणूस छळ करवणाराच आहे. शिवाय पर्सीने हे लिहिलं पंधराएक वर्षांनी, स्मिथचं पुस्तक छापून आल्यावर, त्या हिवाळ्यातल्या आपल्या कारभाराची बाजू मांडायला.

दुसरी साक्ष कंपनीची. १६१० मध्येच तिने पत्रक काढलं. त्यात गोष्ट साफ वेगळी आहे: त्या माणसाचा बायकोवर राग होता, रागातून त्याने तिला मारलं, तुकडे घरात लपवले आणि पकडला गेल्यावर भुकेचं कारण पुढे केलं. झडती घेतली तर घरात पीठ, ओट, घेवडा, वाटाणे यांचा बराच साठा निघाला म्हणे. कंपनीला समभाग विकायचे होते आणि नवी माणसं पाठवायची होती. तिथे माणसं भुकेने एकमेकांना खातात ही बातमी तिला बुडवणारी होती. तिसरा स्मिथ. तो ऑक्टोबरमध्येच निघून गेलेला, त्याने यातलं काहीच डोळ्यांनी पाहिलं नाही, आणि १६२४ मध्ये छापलेल्या पुस्तकात तो या बाईबद्दल पाककृतीचा विनोद करतो.

कारभारी, कंपनी आणि परत गेलेला कप्तान. तिघांचे हेतू वेगळे. तिघांपैकी कुणीही त्या बाईचं नाव लिहून ठेवलेलं नाही.

संहिता इथे अडली असेल तर उपाय असा: कुठली हकिकत खरी हे ठरवायच्या मागे लागू नका. तिन्ही मंचावर येऊ द्या. पिठाचं पोतं घरात होतं की नव्हतं, या एका प्रश्नावर अख्खा प्रवेश उभा राहतो.

हाडांकडून हवं ते वदवून घेणं

२०१२ मध्ये किल्ल्यातल्या एका तळघराच्या उत्खननात, कापलेल्या घोड्याकुत्र्यांच्या हाडांसोबत एका मुलीच्या कवटीचे तुकडे आणि नडगीचं हाड मिळालं. वय साधारण चौदा. अभ्यासकांनी तिला 'जेन' म्हटलं आणि २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. त्याआधी बरेच इतिहासकार नरमांसभक्षणाच्या हकिकतींना अतिशयोक्ती मानत होते. आता तसं म्हणता येत नाही. पण लगेच दुसऱ्या टोकाला जाऊन 'पर्सीची गोष्ट सिद्ध झाली' असं लिहिणारेही भेटतात. ही मुलगी म्हणजे ती बायको नव्हे. तिला कुणी मारलं, की ती आपसूक गेली, हेही हाडं सांगत नाहीत. घाव मृत्यूनंतरचे आहेत.

हाडं जे सांगतात ते मात्र जवळून बघा. कपाळावर चार उथळ घाव, एकमेकांच्या जवळ जवळ. एकानेही हाड फुटलेलं नाही. मग डोकं पालथं केलं गेलं आणि मागच्या बाजूला जोराचे घाव बसले. जबड्यावर सुरीच्या बारीक रेघा. अभ्यासकांना त्या पहिल्या चार घावांत सराव नसलेला, कचरणारा हात दिसतो. चारदा उचलला आणि चारदा अर्ध्यावर थबकला. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मित्राच्या संहितेत नेमका हा कचरलेला हात नव्हता. त्याचा माणूस पहिल्या ओळीपासून सराईत होता, म्हणून ऐकणाऱ्यांना त्याच्यात शिरायला जागाच मिळाली नाही.

काळाचा घोळ

पटकन सांगून टाकतो. शेक्सपिअरने माणसाच्या मांसाची मेजवानी जेम्सटाउनवरून घेतली, असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. 'टायटस अँड्रॉनिकस'मध्ये टायटस राणीला तिच्याच मुलांचं मांस खाऊ घालतो, पण ते नाटक १५९४ मध्ये छापलं गेलं, किल्ला उभा राहायच्या तेरा वर्षं आधी. त्याच्याही मागे रोमन सेनेकाचं 'थायेस्टीझ' आहे, ज्यात अत्रेउस भावाला त्याची मुलं शिजवून वाढतो. उलट असं म्हणणं जास्त सयुक्तिक: लंडनच्या वाचकाच्या डोक्यात हे ताट आधीपासून मांडलेलं होतं, आणि व्हर्जिनियाहून आलेली बातमी त्यात जाऊन बसली.

'सी व्हेंचर'च्या फुटण्याचा धागा जोडला जातो तो 'द टेम्पेस्ट'शी. त्या जहाजावरच्या विल्यम स्ट्रेचीने १६१० मध्ये लिहिलेलं लांबलचक पत्र शेक्सपिअरने पाहिलं असावं असं पुष्कळ अभ्यासक मानतात. नाटकाचा दरबारातला प्रयोग १६११ चा. ते शोकांतिका नाही, आणि त्यात कुणी कुणाला खात नाही. पण एक प्रवेश आहे: भुकेले लोक समोर आलेल्या पानाला हात घालणार, तोच एरियल नावाचा मायावी आत्मा पंख फडफडवत येतो आणि जेवण नाहीसं होतं. भूक मंचावर कशी दाखवायची हे शिकायचं तर हा प्रवेश दहादा वाचावा.

सगळं भुकेवर ढकलणं, किंवा सगळं आळशीपणावर

'हे लोक आयतोबा होते, म्हणून मेले' ही स्मिथच्या काळापासूनची तक्रार. तिच्यात तथ्य आहे, पण अर्धंच. जुन्या सायप्रस झाडांच्या खोडांतल्या वलयांवरून १९९८ मध्ये दिसून आलं की १६०६ ते १६१२ ही त्या भागातली ७७० वर्षांतली सर्वांत कोरडी सात वर्षं होती. नदीचं पाणी मचूळ, विहिरी खराब, आणि ज्यांच्याकडून मका घ्यायचा त्या पाउहॅटनांच्या शेतातही पीक बेताचंच. त्यांनी नाकेबंदी का केली हे संहितेत नसेल, तर तुमच्या नाटकात ते नुसते झाडाआडचे बाण होऊन बसतील.

आणि भूक हेच एकमेव कारण मानणाऱ्यांनी पर्सीची तीच हकिकत पुढे वाचावी. जूनमध्ये नवा गव्हर्नर शिधा घेऊन आला. ऑगस्टमध्ये, म्हणजे किल्ल्यात पुन्हा खायला मिळू लागल्यावर, पर्सी सत्तरेक माणसं घेऊन पाउहॅटनांपैकीच असलेल्या पास्पाहे लोकांच्या गावावर चालून गेला. पंधरा-सोळा माणसं मारली, घरं जाळली, उभा मका कापून टाकला. तिथल्या प्रमुखाची बायको आणि मुलं हाती लागली. यांना जिवंत का ठेवलं, म्हणून शिपाई कुरकुरू लागले. मग होडीतच मसलत झाली, मुलांना पाण्यात फेकलं आणि तरंगणाऱ्या डोक्यांवर गोळ्या झाडल्या. आईला कसंबसं किल्ल्यापर्यंत आणलं, तर तिला जाळावं असा वरून निरोप. पर्सी लिहितो की त्या दिवशी आपण इतकं रक्त पाहिलं होतं की जाळणं नको वाटलं, मारायचीच तर गोळीने किंवा तलवारीने मारा. एक कप्तान तिला रानात घेऊन गेला.

या प्रसंगात कुणाच्याही पोटात आग नव्हती. १६२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ फुटलेल्या 'बटाव्हिया' या डच जहाजाचंही तसंच. प्रमुख मदत आणायला जावाकडे गेलेला असताना, येरोनिमस कॉर्नेलिझ नावाच्या एकेकाळच्या औषधविक्याच्या टोळीने शंभरावर सोबती मारले. कुणीही कुणाला खाल्लं नाही. आधी खाणारी तोंडं कमी करायची म्हणून सुरू झालेलं मारणं पुढे सवयीचं झालं.

म्हणून माझा सल्ला: मीठ लावणाऱ्या माणसापेक्षा पर्सीवर लिहा. आदल्या हिवाळ्यात जो अंगठ्यांना टांगून न्याय करतो, तोच सहा-आठ महिन्यांत मुलांवरच्या गोळीबाराला मान डोलावतो, आणि संध्याकाळी त्याला रक्त पुरे वाटतं. अॅरिस्टॉटल ज्याला हामार्शिया म्हणतो, ज्याचं आपण शोकात्म प्रमाद असं भाषांतर करतो, तो शोधायचा तर इथे. मूळ शब्दाचा अर्थ नेम चुकणं. तो स्वभावातला डाग नव्हे.

करुणाच्या जागी बीभत्स वाढणं

आता त्या 'लागत का नाही'चं उत्तर. आपल्याकडे हे शास्त्र पक्कं आहे: करुणाचा स्थायीभाव शोक, बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. जुगुप्सा आली की माणूस तोंड फिरवतो, आणि तोंड फिरवलेल्याला शोक होत नाही. नाट्यशास्त्र मरण आणि युद्ध अंकात प्रत्यक्ष दाखवू नका, प्रवेशकातून, म्हणजे अंकांना जोडणाऱ्या छोट्या प्रवेशातून, कळवा म्हणतं. रोमन कवी होरेस तर नावं घेऊन सांगतो: स्वतःच्या मुलांना मारणाऱ्या ग्रीक कथेतल्या मीडियाने लोकांसमोर मुलं कापू नयेत, अत्रेउसने माणसाचं मांस उघड्यावर शिजवू नये.

ग्रीक नाटककार युरिपिडीझने इ.स.पू. ४३१ मध्ये 'मीडिया' लिहिलं तेव्हा हेच केलं. मुलांचा आवाज बंद दाराआडून येतो. बाहेरच्या बायका आत जावं की नाही या घोळात उभ्या राहतात. मंचावर आपण पाहतो ते त्याच्या आधीचं: ती ठरवते, मुलं तिच्याकडे बघून हसतात, तिचं ठरलेलं मोडतं, ती पुन्हा ठरवते. त्यांच्या मऊ कातडीला हात लावते, श्वासाचा वास घेते. आपण काय करायला निघालोय हे तिला पूर्ण ठाऊक आहे. हाही कचरणारा हातच, जेनच्या कपाळावरचा. तिला वेडी किंवा चेटकीण करून टाकलंत तर हा सगळा प्रवेश मातीमोल होतो.

आणि शब्द किती लागतात, तर तुकोबांना एक ओळ पुरली. जेम्सटाउननंतर वीसच वर्षांनी दख्खनवर दुष्काळ पडला, त्यात त्यांची पहिली बायको गेली. 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. त्यात 'अन्न' दोनदा आलंय, कारण ती ते तसं म्हणत होती.

मित्राने संहिता फिरवून लिहिली. आता पडदा उघडतो मे १६१० च्या सकाळी. बर्म्युडात मेले असं धरलेले लोक स्वतः बांधलेल्या दोन जहाजांतून येतात, धडधाकट, कासवं आणि रानडुकरं खाऊन तगलेले. त्यांच्यातला नवा कारभारी थॉमस गेट्स चर्चची घंटा वाजवायला लावतो, आणि ज्यांना चालवतं ते घराबाहेर येतात. मग गोष्ट मागे जाते, ऑक्टोबरात. नवरा-बायको मक्याचे दाणे मोजून वाटून घेतायत. ती आपल्या वाट्यातले चार त्याच्या हातावर ठेवते. तो तीन परत देतो.

मीठ कुठेच नाही. तिला नाव द्यावं का, एवढा प्रश्न त्याने समासात पेन्सिलीने लिहून ठेवलाय.