प्लेबुक दुसऱ्यांदा चालवून दाखवा

स्टोरेजच्या टीममध्ये फ्रेशर घ्यायचे असले की मुलाखतीला मलाही बसवतात. रेझ्युमेवर 'अ‍ॅन्सिबल' सगळ्यांच्याच असतं. सर्व्हरवरची कामं फाइलमध्ये लिहून आपोआप करवून घेणारं हे साधन, आणि ती फाइल म्हणजे प्लेबुक. मी फार खोलात शिरत नाही. "तुझं प्लेबुक लगेच दुसऱ्यांदा चालवलं तर काय दिसेल?" एवढंच विचारतो. बरीच मुलं इथेच अडखळतात, कारण क्लासमध्ये प्लेबुक एकदाच चालतं आणि विषय संपतो. नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये नोकरी धरायची असेल तर तयारी प्लेबुकच्या त्या दुसऱ्या फेरीची करा.

मी सेफवर, म्हणजे अनेक मशीनच्या डिस्क जोडून एकच मोठं स्टोरेज (क्लस्टर) बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो, म्हणून उदाहरणं सेफचीच देतो. ट्युटोरियल उघडलं की आधी त्याचं वय बघा. सेफच्या आवृत्त्यांची नावं इंग्रजी अक्षरक्रमाने पुढे जातात: ज्युवेल, क्रॅकन, ल्युमिनस, मिमिक, नॉटिलस, ऑक्टोपस, पॅसिफिक, क्विन्सी, रीफ, स्क्विड. ऑक्टोपस २०२० ची, आणि सेफअ‍ॅडम तिच्यासोबत आलं; क्लस्टर उभारणारं आणि सांभाळणारं सेफचं स्वतःचं साधन ते. त्याआधीची ट्युटोरियल्स त्याच कामासाठी सेफ-डिप्लॉय किंवा सेफ-अ‍ॅन्सिबल शिकवतात. जुन्या क्लस्टरवर सेफ-अ‍ॅन्सिबल अजून भेटेल, ते वाचता यायला हवं. नवा क्लस्टर मात्र त्यावर उभा करू नका.

लॅबसाठी १६ जीबी रॅमचा लॅपटॉप, तीन व्हर्च्युअल मशीन आणि प्रत्येकीला दोन कोऱ्या डिस्क पुरतात. ओएसडी म्हणजे एकेका डिस्कचा कारभार बघणारी प्रोसेस. ती मुळात ४ जीबी मेमरी गृहीत धरून चालते. सहा ओएसडींचा हिशेब तुम्हीच करा. 'ओएसडी मेमरी टार्गेट' लॅबपुरतं १ जीबीच्या आसपास आणा. लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड एसएसडी आणून खरं हार्डवेअर जोडायची हौस असेल तर जरूर जोडा, फक्त त्यावर वेग मोजत बसू नका. वीज गेली तर हातातला डेटा सांभाळणारे कपॅसिटर डेस्कटॉपच्या साध्या एसएसडीत सहसा नसतात. डेटा डिस्कवर पक्का उतरेपर्यंत थांबणाऱ्या सेफच्या सिंक राइट्सपुढे तिचा दम निघतो आणि शिव्या सेफला बसतात.

पहिला क्लस्टर हातानेच उभा करा आणि मोडून टाका. मग कामाची वाटणी करा. होस्टनेम, घड्याळं जुळवणारं क्रोनी, कंटेनर चालवणारं पॉडमन, एसएसएच की, क्लस्टरची स्थिती सांभाळणाऱ्या मॉनिटर प्रोसेसचे फायरवॉलमधले ३३०० आणि ६७८९ पोर्ट, हे अ‍ॅन्सिबलचं काम. मॉनिटर कुठे, ओएसडी कुठल्या डिस्कवर, हे यॅमल स्पेक या मजकूर फाइलमध्ये लिहून सेफअ‍ॅडमच्या हवाली करायचं. क्रोनीला किरकोळ समजू नका. मॉनिटरच्या घड्याळांत ०.०५ सेकंदाहून जास्त फरक पडला की सेफ तक्रार करतं. लॅपटॉपचं झाकण लावून लोकल पकडली आणि घरी येऊन उघडला, तर 'क्लॉक स्क्यू'ची वॉर्निंग दिसू शकते. तेव्हा क्लस्टर फोडत बसू नका, आधी वेळ जुळवा.

आता दुसरी फेरी. चांगल्या प्लेबुकच्या शेवटच्या तक्त्यात प्रत्येक होस्टसमोर 'चेंज्ड' शून्य, म्हणजे काहीच बदललं नाही असं, दिसायला हवं. ते बिघडवतं शेल मॉड्यूल, म्हणजे कुठलीही कमांड जशीच्या तशी चालवणारा भाग. त्याला आत काय झालं ते कळत नाही, म्हणून ते दर वेळी 'चेंज्ड' म्हणतं. क्लस्टर पहिल्यांदा उभा करणारी बूटस्ट्रॅपची कमांड तशीच लिहून ठेवली तर दुसऱ्या फेरीत ती पुन्हा क्लस्टर जन्माला घालायला जाईल. तिथे 'क्रिएट्स' लिहून सेफ डॉट कॉन्फ फाइलचा पत्ता द्या. फाइल असेल तर टास्क गपचूप पुढे जातो. नुसती माहिती वाचणाऱ्या कमांडला 'चेंज्ड व्हेन' फॉल्स करा.

हे जमलं की रीबूटचं प्लेबुक लिहून बघा. माझ्या मते उमेदवार खरा कळतो तो इथे. अ‍ॅन्सिबलचे फोर्क्स डिफॉल्टने ५ असतात, म्हणजे एकेक टास्क पाच होस्टवर एकदमच चालतो. वेब सर्व्हरना याने फारसं बिघडत नाही. पण डेटाच्या तीन प्रती आणि 'मिन साइझ' २ (निदान दोन प्रती हजर असतील तरच काम) असलेल्या पूलमध्ये, प्रती वेगवेगळ्या होस्टवर ठेवलेल्या असताना, दोन होस्ट एकदम गेले की काही प्लेसमेंट ग्रुप्सचं, म्हणजे डेटाच्या गठ्ठ्यांचं, वाचन-लेखन थांबतं. तुमच्या तीन मशीनच्या लॅबमध्ये तर सगळंच आडवं होईल. म्हणून 'सीरियल' १ ठेवा, म्हणजे एका वेळी एकच होस्ट. होस्ट परत आला की प्लेसमेंट ग्रुप्स 'अ‍ॅक्टिव्ह प्लस क्लीन' होईपर्यंत थांबायचा टास्क घाला, मगच पुढचा होस्ट. आणि आधी 'नोआउट' लावा, नाहीतर होस्ट उठायला ६०० सेकंदांहून जास्त लागले तर सेफ त्याच्या ओएसडी बाहेर काढून डेटा हलवायला लागतं. काम झाल्यावर 'नोआउट' काढायचा टास्कही त्याच प्लेबुकात हवा. हाताने काढू म्हणणारे नाइट शिफ्ट संपली की ट्रान्स-हार्बरची गाडी धरतात.

सेफअ‍ॅडमचा 'ऑल अव्हेलेबल डिव्हाइसेस' हा पर्याय डेमोला छान दिसतो: कोरी डिस्क दिसली की तिच्यावर ओएसडी उभी. तो एकदाच चालून संपत नाही, कायम लागू राहतो, हे डेमोत कोणी सांगत नाही. आमच्याकडच्या एका ज्युनियरने खराब डिस्कची ओएसडी काढली, डिस्क झॅप करून पुसली आणि बदलीची डिस्क आणायला गेला. परत येतो तर त्याच डिस्कवर नवी ओएसडी उभी. "सर, हिला काढली होती ना मी?" सेफअ‍ॅडमने त्याचं काम चोख केलं होतं: कोरी डिस्क दिसली, घेतली. स्पेकमध्ये 'अनमॅनेज्ड' ट्रू करा, किंवा डिस्क आकाराने, मॉडेलने निवडा. एसडीबी, एसडीसी या नावांवर विसंबू नका, रीबूटनंतर ती बदलू शकतात.

मुलाखतीला येताना गिट रेपो आणा. त्यात कीरिंग (सेफच्या गुप्त चाव्या) आणि पासवर्ड उघडे नकोत, एन्क्रिप्ट करणाऱ्या व्हॉल्टमध्ये हवेत. क्लस्टर मोडायचं प्लेबुक वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, चालवण्याआधी ते क्लस्टरचं नाव टाइप करून मागेल असं लिहा, आणि त्यात 'होस्ट्स'समोर 'ऑल' (म्हणजे सगळी मशीन) कधीही नको.