ड्युटीचा हिशेब मिनिटांत मांडा

आंतरराष्ट्रीय शाळेत शिक्षिकेच्या नोकरीच्या मुलाखतीत मी एकच प्रश्न विचारला होता: आठवड्याला तास किती? '२२' म्हणाले, मी खूश. रुजू झाल्यावर कळलं की मधल्या सुट्टीची ड्युटी, बसची ड्युटी, शाळा सुटल्यावरचा क्लब आणि प्रॉक्सी (गैरहजर शिक्षकाच्या जागी घ्यायचे तास) त्या २२ मध्ये धरलेलेच नव्हते.

म्हणून सही करायच्या आधी आपल्या विषयाच्या एखाद्या शिक्षकाचं चालू वेळापत्रक मागा, ड्युटीच्या तक्त्यासकट. ते द्यायला आढेवेढे घेतले, तर तेही उत्तरच. मोजणी मिनिटांत करा. ४० मिनिटांचे २२ तास म्हणजे ८८० मिनिटं, ६० मिनिटांचे म्हणजे १३२०.

आयबीचे (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचे) वर्ग असतील तर एक्स्टेंडेड एसेची, म्हणजे मोठ्या संशोधन-निबंधाची, मुलं किती गळ्यात पडणार, तेही विचारा. निबंध ४००० शब्दांपर्यंतचा, आणि एका विद्यार्थ्यामागे मार्गदर्शकाचे घड्याळी ३ ते ५ तास जातील असं आयबीच धरतं. पाच मुलं म्हणजे १५ ते २५ तास. वेळापत्रकात त्याचा रकाना सहसा नसतो.

आता प्रत्यक्ष ड्युटी. तिथे वह्या तपासू नका. मी तपासल्या आहेत. तिसऱ्या वहीवरून मान वर केली, तर जिन्याखाली एक मुलगा गुडघा धरून बसलेला. किती वेळ बसला होता, मला सांगता येईना. अपघाताच्या फॉर्मवर मुलाच्या नावाखालीच रकाना होता: 'त्या वेळी ड्युटीवर कोण?' तेव्हापासून मी हातात फक्त शिट्टी ठेवते, एका जागी उभी राहत नाही आणि दर फेरीला जिन्याखाली डोकावते. बदली माणूस समोर दिसेपर्यंत जागा सोडायची नाही, घंटा झाली तरी. ड्युटीला लागून तास असेल तर त्याचं साहित्य सकाळीच वर्गात नेऊन ठेवा, नाहीतर पहिली पाच मिनिटं धापा टाकण्यात जातात.

बोजा फार वाटला तर चार आठवडे नोंद ठेवा: तारीख, काम, मिनिटं. प्रॉक्सी वेगळ्या शाईने. मग कोऑर्डिनेटरकडे जा, पण 'फार काम आहे' म्हणू नका. ते सगळेच म्हणतात. नेमकी अदलाबदल सुचवा. मी म्हटलं, "मंगळवारी सलग पाच तास झाल्यावर बसची ड्युटी आहे. ती गुरुवारी सकाळी द्या, माझा पहिला तास ऑफ असतो." दोन मिनिटांत तक्ता बदलला. क्लब मात्र अजून माझ्याकडेच आहे.